चार्जला किती जाते वो?

बेळगावात दुसऱ्या रेल्वे गेटचं फाटक पडलं की माझ्या इलेक्ट्रिक लोडरशेजारी कोण ना कोण येऊन थांबतोच, आणि मान वाकडी करून मीटरकडं बघत विचारतो, "चार्जला किती जाते वो?" तीन वर्षं झाली, माणसं बदलतात, प्रश्न तोच. आधी मी शोरूमवाल्यानं पाठ करून घेतलेला आकडा सांगायचो, मग खरा सांगायला लागलो, आता म्हणतो, "माल किती भरलाय आणि कुठं जाऊलोय त्यावर हाय." समोरचा "हां हां" म्हणतो पण त्याला ते पटलेलं नसतं, तोंडावर दिसतं. त्याला आकडा पाहिजे असतो.

मला पण पाहिजे होता खरं तर. म्हणून ही पोस्ट. व्हॉट्सॲपवर एकेकाला तुकड्या-तुकड्यात सांगून कंटाळा आलाय, एकदाच लिहून टाकतो.

शहापुरात माझं एक छोटं पार्सल हब आहे. मोठ्या कंपन्यांचा माल पहाटे हायवेनं येतो, आम्ही तो गल्लीवार लावतो, आणि दहाच्या आत पोरं बॅगा घेऊन बाहेर पडतात. ह्याला आता लास्ट माईल म्हणतात, आमच्या बाबांच्या वेळी माल पोचवणं म्हणायचे. नऊ पोरं आहेत, नावानं कोण कुणाला हाक मारत नाही, गावावरनंच, येळ्ळूरवाला, वडगाववाला, कंग्राळीवाला, अनगोळचे दोघं आहेत म्हणून थोरला अनगोळवाला आणि बारका अनगोळवाला. गाड्या म्हणाल तर दोन इलेक्ट्रिक तीनचाकी लोडर, चार इलेक्ट्रिक स्कूटर, बाकी पोरांच्या स्वतःच्या पेट्रोलच्या.

आधी पैशाचं सांगतो कारण पर्यावरणाचं मला आजपर्यंत गेटवर कुणी विचारलेलं नाही.

लोडरची बॅटरी साडेसात युनिटच्या आसपासची. ब्रोशरमधला आकडा सोडा, माल भरून, जुलैच्या पावसात, कपिलेश्वर ब्रिज दिवसात चार वेळा चढून ती मला ८० किलोमीटर देते, बास. चार्जर तापतो त्यात थोडी वीज वाया जाते, ती धरून किलोमीटरला ०.१ युनिटपेक्षा किंचित जास्त. सात रुपये युनिट पकडा, पाऊण रुपया झाला. आधीचा डिझेलचा तीनचाकी गावात थांबत-थांबत लिटरला २५ द्यायचा, डिझेल नव्वदच्या पुढंमागं, म्हणजे साडेतीन रुपयांच्या वर. त्यात ऑइल, फिल्टर, क्लच प्लेट वेगळं. हा हिशोब बघितला की कुणीपण म्हणेल डोळे झाकून घे, आणि मीपण डोळे झाकूनच घेतली होती, कर्जाचा हप्ता दिसायला लागला तेव्हा उघडले. गाडी जितकी जास्त पळेल तितकी लवकर फिटते, उभी राहिली की अंगावर येते. हे लक्षात ठेवा.

आता धूर. गेटवर हिचा धूर नाही हे खरंच आहे, फाटक पडल्यावर दहा मिनिटं सगळे टेम्पो घरघरत असतात आणि माझी गाडी गप्प बसलेली असते, त्या गप्प बसण्यावर माझं प्रेम आहे. पण धूर नाही म्हणजे कुठंच नाही असं नव्हं. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, लिटरला २५ धरले तर किलोमीटरला १०७ ग्रॅम. आपल्या देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागं सरासरी ०.७ किलोच्या आसपास पडतो, कारण अजून कोळसाच जास्त. म्हणजे माझा लोडर किलोमीटरला ७५ ग्रॅम. वाचले किती, तीस टक्के. मला वाटलं होतं नव्वद-पंच्याण्णव तरी वाचत असतील, गाडीवर हिरवं पान काढलंय ना मागं! स्कूटरचं बरं आहे, पेट्रोलची ४५ देणारी असेल तर ५१ ग्रॅम आणि इलेक्ट्रिक २५, म्हणजे सरळ निम्मे. हा नुसत्या पळण्याचा हिशोब हां, गाडी आणि बॅटरी बनवताना जो काय धूर झाला तो वेगळाच.

आणि हे देशाच्या सरासरीचं. आपल्याकडं विजापूरजवळ कूडगीला २४०० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र आहे, तिकडं कारवारच्या बाजूला कैग्याला ८८० मेगावॅट अणूवरची, शरावतीवर १०३५ मेगावॅट पाण्याची, आणि तुमकूर जिल्ह्यात पावगड्याला २०५० मेगावॅटचं सोलर पार्क. कुठल्या तारेतनं कुठली वीज माझ्या प्लगात आली हे काय त्यावर लिहिलेलं नसतं, पण एवढं कळतं की दुपारी एक वाजता सूर्याची वीज भरपूर असते आणि रात्री अकराला ती नसते. आम्ही सुरुवातीला सगळ्या गाड्या रात्रीच लावायचो, सगळेच लावतात, मोबाईलसारखं. आता पोरं दीड ते तीन जेवायला येतात तेव्हा लोडर प्लगला लावतो. त्यासाठी मला एक जास्तीचा पॉइंट काढायला लागला आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्या मामांशी एकदा भांडण झालं, त्यांची गिरणी आणि माझे दोन लोडर एकदम सुरू झाले की त्यांचा पट्टा मंदावतो म्हणे. मिटलं ते. गिरणीवाले मामा आता स्वतः ई-स्कूटर बघूलेत.

बॅटरीचं मात्र मिटलेलं नाही. पहिल्या दोन स्कूटर मी स्वस्तातल्या घेतल्या होत्या, लायसन्स नको पासिंग नको त्या टाईपच्या, ताशी २५ च्या आत आणि मोटर २५० वॅटची, आत शिशाच्या बॅटऱ्या. बारका अनगोळवाला तेव्हा अठराचा पण नव्हता, सायकलवर पेपर टाकायचा, त्याला वाटलं विमान मिळालं. चौदा महिन्यांत बॅटऱ्या बसल्या. पण मजा अशी की बसलेल्या शिशाच्या बॅटरीला आपल्याकडं किंमत आहे, भंगारवाला किलोवर घेऊन गेला, हसत घेऊन गेला, ते शिसं परत वितळून परत बॅटरीत जातं. ही साखळी कुठल्या धोरणानं आलेली नाही, पिढ्यान्‌पिढ्या चालूलीय. ते भट्टीवाले काय श्वास घेतात तो भाग वेगळा, आणि तो लहान भाग नाही.

मग लिथियमवाल्या घेतल्या. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी ई-स्कूटर पेटल्या तेव्हा माझी बायको म्हणाली एक तरी गाडी घराखाली लावलीस तर मी माहेरी, माहेर वडगावलाच आहे तिचं पण तरी. त्यानंतर सरकारनं बॅटरीच्या टेस्ट कडक केल्या, एआयएस १५६ म्हणून जे काय आहे ते डिसेंबर २०२२ पासून दोन टप्प्यांत लागू झालं, त्यामुळं आताच्या गाड्या बऱ्या. जास्त करून लोखंड-फॉस्फेटवाल्या सेलच्या बघून घ्या, त्यात कोबाल्ट नसतं आणि त्या तापायला पण शांत. कोबाल्ट जगात जास्त करून एकट्या काँगोतनं येतं आणि तिथल्या खाणींचं वाचलं की आपल्या शिशाच्या भट्ट्या बऱ्या वाटायला लागतात.

तर, माझ्या एका स्कूटरचा लिथियम पॅक गेला. खराब म्हणजे ४० किलोमीटरवरनं १५ वर आला आणि एक दिवस पंधराचा शून्य झाला. त्याच भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं लांबनंच बघितलं आणि म्हणाला, "ते नको बा, पेटतंय ते." २०२२ चे बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत, त्यात बनवणाऱ्यानंच जुनी बॅटरी परत घ्यायची आणि रिसायकल करायची जबाबदारी आहे, स्पष्ट आहे. मी ज्यांच्याकडनं गाडी घेतली त्यांना फोन लावला, त्यांनी दुसरा नंबर दिला, दुसऱ्यानं मेल करा म्हणलं, मेलला उत्तर आलं की तुमची विनंती नोंदवली आहे. पॅक अजून हबच्या मागच्या खोलीत फळीवर बसलाय, बाजूला वाळूची बादली ठेवलीय. येळ्ळूरवाला त्याला रोज सकाळी "गुरुजी" म्हणून नमस्कार करतो. आता उद्यमबागेतला एक ओळखीचा पोरगा म्हणतोय आतले चांगले सेल काढून हबच्या लाईटला इन्व्हर्टर करून देतो, बघूया, बायकोला सांगितलेलं नाही.

उद्यमबागेवरनं आठवलं. माझा मेहुणा तिथं फाउंड्रीत आहे, वीस वर्षं झाली. बेळगावची अर्धी इंजिनिअरिंग ह्या ओतकामावर आणि क्रँकशाफ्टवर, पंपावर, व्हॉल्व्हवर उभी आहे हे इथल्या पोराला शाळेत शिकवायला लागत नाही, मच्छे ते उद्यमबाग जाताना नाकालाच कळतं. लोडर घेतला त्या दिवशी तो पेढे खायला आला आणि गाडीखाली वाकून बघितलं. "इंजिन नाही, क्रँक नाही, सायलेन्सर नाही," असं मोजत गेला. मग उठून म्हणाला, "ब्रेकड्रम तेवढा आमचा." हसला, पण मला ते हसू आवडलं नाही. त्याच्या फाउंड्रीला ट्रॅक्टरची कामं आहेत म्हणून अजून ठीक चाललंय. टिकाऊ, शाश्वत असे शब्द वापरताना मला तो वाकून बघणारा मेहुणा दिसतो, काय करणार.

बरं, आता बिनड्रायव्हरचं. हा विषय माझ्या पुण्याच्या भाच्यानं काढला. आयटीत आहे. दिवाळीत आला तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, सहा चाकांचा पांढरा डबा फुटपाथवरनं चाललाय, रस्ता क्रॉस करतोय, बाईच्या दारात जाऊन झाकण उघडतोय. "मामा, तुझी पोरं गेली." स्टारशिप म्हणून कंपनी आहे, २०१४ ची, एस्टोनियात बनतात ते डबे, इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्स नावाच्या गावात २०१८ पासून वाण-सामान पोचवतात. चालण्याच्या वेगानं जातो, वीज अगदी किरकोळ. खोटं कशाला बोलू, मला आवडला तो डबा. निमूट चाललेला.

पण मी पण मग बसून वाचलं जरा. ॲमेझॉननं असाच एक डबा काढला होता, स्काउट नावाचा, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या रस्त्यावरच्या चाचण्या बंद केल्या. फेडेक्सनं रोक्सो काढला होता, त्याच महिन्यात बंद. न्यूरो म्हणून अमेरिकेत कंपनी होती, म्हणजे आहे, त्यांच्या बिनस्टीअरिंगच्या गाडीला २०२० मध्ये तिथल्या सरकारनं पहिल्यांदा खास सूट दिली, केवढा गाजावाजा, आणि २०२४ मध्ये ते म्हणाले आम्ही स्वतः डिलिव्हरी करण्याऐवजी हे तंत्र दुसऱ्या गाडीवाल्यांना विकतो. भाच्याला हे पाठवलं तर त्यानं अंगठा पाठवला. चीनमध्ये मात्र तसल्या छोट्या गाड्या रस्त्यावर खरंच धावतात, ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल मामा आपल्या सोयीचंच सांगतोय.

मला खरा धक्का दुसऱ्याच गोष्टीनं बसला. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी २०२३ मध्ये एक हिशोब मांडला, की जगात एक अब्ज बिनड्रायव्हरच्या गाड्या रोज एक तास चालल्या आणि प्रत्येकीतला कॉम्प्युटर ८४० वॅट खाणारा असला, तर जगातल्या सगळ्या डेटा सेंटरएवढा धूर नुसत्या त्या कॉम्प्युटरांमुळं होईल. ८४० वॅट! माझी ई-स्कूटर ताशी २५ नं पळताना पावणेआठशेच्या आसपास खाते, त्यावर ऐंशी किलोचा थोरला अनगोळवाला आणि बॅग धरून. म्हणजे रस्ता बघायला जेवढी वीज लागते तेवढ्यात आमचा माणूस मालासकट पोचलेला असतो. हा हिशोब मोठ्या कारचा आहे, त्या छोट्या डब्याला एवढं डोकं लागत नाही हे मान्य, पण खडेबाजारात शनिवारी दुपारी बाजाराच्या दिवशी जो डबा घुसेल त्याला जास्तच डोकं लागणार. गाय बसलीय ती उठणार की नाही, भाजीवाल्या अक्काची बुट्टी अर्धी रस्त्यात आहे ती सरकणार की आपण सरकायचं, आणि गणपतीत तर प्रत्येक गल्लीत मांडव, नकाशात रस्ता आहे आणि जागेवर रस्त्यात आरास.

गडकरींनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगूनच टाकलं की ड्रायव्हरलेस गाडी भारतात येऊ देणार नाही, सत्तर-ऐंशी लाख ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील म्हणून. आमच्या पोरांनी ती क्लिप ग्रुपवर फिरवली. कंग्राळीवाल्यानं खाली लिहिलं, "साहेब आधी रस्ता करा, मग ड्रायव्हर राहूदे." काही असो, माझं म्हणणं नोकरीवरनं नाहीये. माझं म्हणणं पत्त्यावरनं आहे.

आमच्याकडं येणारा पत्ता कसा असतो ते बघा. "मारुती गल्ली, बेळगाव." बास. मारुती गल्ली गावात आहे, अनगोळात आहे, हिंडलग्यात आहे, आणि आसपासच्या खेड्यांत विचारूच नका, मारुती नाही असं गाव दाखवा. गिऱ्हाईकानं पत्ता मनात मराठीत धरलेला, टाईप केला इंग्रजीत, चौकातली पाटी कन्नडमध्ये, ॲपनं त्या तिन्हीतनं आपलं चौथंच काहीतरी काढलेलं. तालमीच्या मागं, जुन्या गिरणीच्या समोर, पाटलांच्या माडीच्या बोळात. गिरणी पाडून पंधरा वर्षं झाली तरी पत्त्यात ती आहेच. वडगाववाला फोन कानाला लावून एका श्वासात मराठीतनं कन्नडमध्ये जातो, "काकू आलोच हां, अण्णा मनी यल्लैत्री," म्हणजे घर कुठं आहे, आणि पोचतो. नवीन पोरगा ठेवला की पहिले दोन महिने तोच माल वाटायला त्याला दीडपट किलोमीटर लागतात. मी वहीत लिहिलंय सगळं, नवीन आणि जुना पोरगा, एकच एरिया, एकच गाडी.

आता ते तीस टक्के काढा परत. डिझेल सोडून इलेक्ट्रिक घेतल्यावर तीस टक्के धूर वाचला होता. नवीन पोरगा दीडपट फिरला, म्हणजे ७५ चे ११२ झाले, डिझेलच्या १०७ ला मागं टाकून पुढं. बॅटरी तीच, गाडी तीच, हिरवं पान तेच. आणि उलटं, येळ्ळूरवाला त्याच्या पेट्रोलच्या जुन्या गाडीवर त्याच्या एरियात जे वाटून येतो ते किलोमीटर बघितले तर मला त्याला ई-स्कूटर द्यायची घाई वाटत नाही. (त्याला वाटते. दर महिन्याला विचारतो.)

नुसतं पत्त्याचंच नाही. आमच्या धंद्यात आरटीओ म्हणून एक प्रकार आहे, पासिंगवालं आरटीओ नव्हं, माल परत पाठवायचा त्याला म्हणतात. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल, दारात गेलं की "ताई बाहेर गेल्यात, उद्या या", उद्या गेलं की "नको होतं ते, पोरानं दाबलंय". तिसऱ्या दिवशी गेलं की कुलूप. मग ते पार्सल जिथनं आलं तिथं परत, बेंगळुरू नाहीतर भिवंडी. तीन फेऱ्या जाण्याच्या आणि पाचशे किलोमीटर परतीचे, आणि गिऱ्हाईकाला मिळालं काय तर काही नाही. माझ्या वहीत गेल्या महिन्यात शंभरातली चौदा पार्सलं एकापेक्षा जास्त वेळा दारात गेली. त्यातली साताठ सरळ परत. ही फेरी इलेक्ट्रिक गाडीनं केली काय आणि विमानानं केली काय, फुकटच. झोमॅटो, फ्लिपकार्टनी जाहीर केलंय की २०३० पर्यंत सगळी डिलिव्हरी इलेक्ट्रिकवर, ॲमेझॉननं भारतात दहा हजार ई-गाड्यांचं म्हणलं होतं, चांगलंच आहे, टाळ्या. पण "किती फेऱ्या फुकट गेल्या" हा आकडा कुणी बोर्डावर लावलेला मी बघितला नाही.

आणि ते पटकन आणून देणारे ॲपवाले. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी एक गाडी. माझा लोडर एका फेरीत शंभर-सव्वाशे पार्सलं टाकून येतो, त्यातल्या एकाच्या वाट्याला धूर किती येतो ते सोडूनच द्या, आणि इथं एक पोरगा एक पिशवी घेऊन टिळकवाडीत तीन किलोमीटर जातो, तीन येतो. गाडी इलेक्ट्रिक असते बहुतेक, ते बघून घेणाऱ्याला पण बरं वाटतं, दिवसात चारदा मागवतो. आमच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या एकानं मला हे तोंडावर सांगितलं, "इलेक्ट्रिकच हाय की, काय बिघडतंय." मी गप्प बसलो, त्याची तीन पार्सलं माझ्याकडं होती.

पोरांचं पण एक वाक्य. कर्नाटकानं २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी, म्हणजे ॲपवरनं काम घेणाऱ्यांसाठी, कायदा केला, ॲपवाल्यांनी प्रत्येक व्यवहारामागं १ ते ५ टक्क्यांपर्यंत कल्याण निधीला द्यायचे. पोरं विचारतात आम्हाला कधी. बघूया.

आता मुख्य गोष्ट, जी लिहायला मी बसलो होतो आणि गाडी भलतीकडंच गेली.

शिनोळीला माझं एक गिऱ्हाईक आहे. बेळगावातनं वेंगुर्ला रस्त्यानं निघालं की हिंडलगा, सुळगा, बाची, आणि बाची संपली की शिनोळी. माझ्या हबपासून वीस किलोमीटरच्या आत. पण मध्ये रेघ आहे. बाची कर्नाटकात, शिनोळी चंदगड तालुक्यात, महाराष्ट्रात. पिनकोड आमचा ५९० नं सुरू होतो, त्यांचा ४१६ नं. तर त्या माणसाचं पार्सल बेंगळुरूवरनं निघतं, हायवेनं येतं, आमच्या बेळगावच्या बाजूनं सरळ पुढं जातं, निपाणी ओलांडून कोल्हापूरला शंभरावर किलोमीटर, तिथं उतरतं, मग तिथनं गडहिंग्लज, चंदगड करत उलटं खाली येतं आणि चार दिवसांनी शिनोळीला पोचतं. पार्सल माझ्या दारावरनं गेलेलं असतं! ट्रॅकिंगमध्ये तो बघत बसतो, "बेळगाव ओलांडले". कंपनीला मी दोनदा सांगितलं की ती चार-पाच गावं मला द्या, उत्तर आलं की सिस्टीममध्ये राज्य बदलता येत नाही. सत्तर वर्षांत माणसांनापण बदलता आलं नाही, सिस्टीमचं काय घेऊन बसलात.

शिनोळीवाल्यानं त्यावर उपाय काढला. अनगोळात त्याची बहीण दिलीय, पार्सलं तिच्या पत्त्यावर मागवायला लागला. बहिणीकडनं शिनोळीला कशी जातात, तर दूधवाल्याबरोबर. हा दूधवाला बाचीचा, पहाटे मोटरसायकलला चार कॅन बांधून येतो, चाळीसेक घरं, ठरलेली वेळ, ठरलेली पिशवी दाराला अडकवलेली, ओटीपी नाही काही नाही, एक घर चुकत नाही आणि नऊ वाजता रिकामे कॅन वाजवत परत जातो. रिकामे कॅन, रिकामी गाडी.

हे ऐकल्यावर मला आमचे बाबा आठवले. रविवार पेठेतनं किराणा भरून ते मॅटेडोरनं चंदगड भागात जायचे, आणि येताना रताळी, काजू, कुणाची म्हातारी दवाखान्याला, काहीतरी घेऊनच यायचे. काहीच नाही मिळालं तर एखाद्याचं जळण. रिकामी गाडी परत आणली की आई विचारायची, "आज काय झालं?" म्हणजे जसं काय अपघात झालाय. मी त्या मॅटेडोरच्या धुरात वाढलो, तिच्या धुराचा हिशोब मांडला तर लाज वाटेल, पण तिची एक फेरी फुकट गेलेली मला आठवत नाही.

तर आता मी त्या दूधवाल्या मामांशी बोललो. सकाळी नऊला ते हबवर येतात. त्या बाजूच्या चार-पाच गावच्या लोकांनी बेळगावच्या पाहुण्यांच्या नावावर मागवलेली पार्सलं, पाहुण्यांचा फोन आला की ओटीपी घेऊन, मी त्यांच्या कॅनमध्ये देतो. कोरडे करून घेतात कॅन आधी, आत प्लास्टिक. पार्सलमागं दहा रुपये. हे कंपनीला सांगू नका. माझे लोडर तिकडं जात नाहीत, जाऊच शकत नाहीत हिशोबानं, आणि तो माणूस नाहीतरी परत जाणारच असतो, त्याच्या जुन्या पेट्रोलच्या गाडीवर, लिटरला पन्नास देणाऱ्या. जास्तीचा धूर किती? मी खूप वेळ वहीत मांडून बघितला. शून्यच्या जवळ काहीतरी येतो.

परवा एक मिक्सर आला, खोक्यासकट कॅनमध्ये बसेना. मामा खोकं फिरवून-फिरवून बघत होते, मी दोरी शोधत होतो. तेवढ्यात त्यांचं लक्ष प्लगला लावलेल्या लोडरकडं गेलं. वाकून मीटर बघितलं.

मी म्हणलं विचारा, विचारा.

"नाही वो," ते म्हणाले, "येताना ही रिकामी येते काय?"